दुसऱ्याच्या नावाची गिटार घ्यावी का?

आपल्या रविवारच्या वर्गातल्या मोठ्या गटाची मुले मधल्या सुट्टीत काय बोलतात ते कान देऊन ऐकले तर दोन विषय हमखास निघतात. एक फुटबॉल आणि दुसरा गिटार. फुटबॉलवर लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. गिटारीबद्दल मात्र थोडे लिहावे असे आम्हाला वाटले, कारण गेल्या काही महिन्यांत हा विषय मुलांचा न राहता पालकांचा झाला आहे. आपल्या वर्गाच्या तीन घरांत ब्रायन मे यांच्या नावाची लाल इलेक्ट्रिक गिटार आहे. चौथ्या घरात ती घ्यावी की नाही यावर वाद चालू आहे, आणि वर्ग सुटेपर्यंत चहाच्या टेबलाशी उभे राहणारे आपण सगळेच त्या वादात कुठल्या ना कुठल्या बाजूने ओढले गेलो आहोत.

पक्षपाताचा आरोप नको म्हणून आधीच सांगतो, त्या तीन घरांपैकी एक घर आमचे आहे. आणि चौथ्या घराबद्दल लिहितो आहोत ते त्या घराला विचारून.

त्या घरातला मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सकाळी घरोघरी वर्तमानपत्रे टाकून आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने गिटारीची निम्मी रक्कम जमवली आहे. उरलेली निम्मी आईबाबांनी घालावी अशी त्याची अपेक्षा. पुढच्या वर्षी त्याची जीसीएसईची परीक्षा आहे. बाबा म्हणतात, "आधी निकाल, मग गिटार." आई म्हणते, "घ्यायचीच तर साधी घे, स्वस्तातली. त्या माणसाच्या नावाचे पैसे आपण का भरायचे?" आणि सध्या भारतातून आलेले आजोबा म्हणतात, "आमच्याकडे तंबोरा कारागिराच्या नावावर ओळखतात, गाणाऱ्याच्या नाही. मिरजेत जाऊन विचार. तुमचं हे उलटंच काहीतरी!"

तिन्ही मुद्दे मनापासूनचे आहेत आणि तिन्हींना नीट उत्तर द्यायला हवे. वयाचा मान ठेवून आजोबांपासून सुरुवात करू.

आजोबांचा मुद्दा

मिरजेचे उदाहरण आजोबांनी उगीच दिलेले नाही. हत्यारांना धार लावणारी शिकलगार कुटुंबे तिथे एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या घडवत राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे मान आहे तो घडवणाऱ्या हाताला.

इलेक्ट्रिक गिटारीच्या जगात मात्र वाजवणाऱ्याचे नाव वाद्याला देण्याची चाल जुनी आहे. गिब्सन कंपनीने १९५२ साली आणलेली 'लेस पॉल' ही गिटार आता इतकी रुळली आहे की लेस पॉल नावाचा एक हाडामासाचा वादक होता हेच पुष्कळांना ठाऊक नसते. फेंडर कंपनीने १९८८ साली एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली. पुढे ही पद्धत फोफावली. नामवंतांच्या गिटारी महाग पडतात म्हणून त्यांच्या स्वस्त आवृत्त्याही निघू लागल्या. यांतल्या काहींमध्ये वादकाने खरोखर लक्ष घातलेले असते. काहींमध्ये मात्र रंग वेगळा आणि सही वेगळी, बाकी गिटार तीच. त्यामुळे आजोबांचा संशय अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही.

पण ब्रायन मे यांची गोष्ट निराळी आहे. क्वीन या बँडचे हे गिटारवादक. १९६३ च्या ऑगस्टमध्ये, सोळा वर्षांचे असताना, त्यांनी आपल्या वडिलांबरोबर घरीच इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. दुकानातली चांगली गिटार परवडण्यासारखी नव्हती. वडील हॅरोल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. घरातली कितीतरी उपकरणे त्यांनी स्वतः जोडलेली. बापलेकांनी मिळून सुमारे दोन वर्षे हे काम केले.

कशाकशाची केली ती गिटार! नेकचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतले. त्याला किडीने भोके पाडली होती, ती काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. शरीर जुन्या टेबलाचे ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड यांचे, वरून महोगनीचा पातळ पत्रा. नेकवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. सगळ्या तारा एकदम सैल करून सूर हलवणारी जी यंत्रणा असते, ट्रेमोलो, तिच्यासाठी १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. तिची दांडी सायकलला मागे पिशवी अडकवतात त्या कडीची, आणि दांडीचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. तारांचे कंपन पकडणारे पिकअपही त्यांनी आधी घरीच केले होते. पण तार ओढून सूर चढवताना त्यांतून विचित्र आवाज येई, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे तीन 'ट्राय-सॉनिक' पिकअप विकत आणले आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून आत अ‍ॅराल्डाइट ओतले.

हीच ती 'रेड स्पेशल'. १९८५ साली लाइव्ह एडच्या कार्यक्रमात वेम्बलीवर वाजली ती हीच, आणि २००२ साली राणीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून मे यांनी राष्ट्रगीत वाजवले तेही हिच्यावरच.

तेव्हा आजोबांना आमचे उत्तर असे: आजोबा, तुमच्याच नियमाने ही गिटार उत्तीर्ण होते. इथे वादक आणि कारागीर एकच आहे. तिच्यावरचे नाव घडवणाऱ्याचेच आहे. तक्रार करायचीच तर एवढीच करावी की तिच्यावर हॅरोल्ड मे यांचेही नाव हवे होते.

जाता जाता मुलांसाठी एक योगायोग. मे कुटुंब राहत होते ते फेल्टमला, म्हणजे हीथ्रो विमानतळाच्या जवळ, आपण नातेवाइकांना आणायला जातो त्या वाटेवर. आणि १९६४ साली त्याच फेल्टममध्ये झांजिबारहून एक पारशी कुटुंब राहायला आले. त्यांचा मुलगा फारुख बलसारा शाळा शिकला होता आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, आणि तिथेच त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड केला होता. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. दोन्ही मुलांची तेव्हा एकमेकांशी ओळखही नव्हती.

आईचा मुद्दा

आईचा मुद्दा पैशाचा आहे आणि सर्वांत व्यवहारी आहे.

मूळ रेड स्पेशल एकच. तिच्यावरून १९८० च्या दशकात गिल्ड कंपनीने आणि २००१ साली बर्न्सने गिटारी केल्या. त्यानंतर मे यांच्या स्वतःच्या 'ब्रायन मे गिटार्स' या कंपनीने जी परवडणारी आवृत्ती आणली ती 'बीएमजी स्पेशल'. आपल्या तिन्ही घरांत आहे ती हीच. हातांनी केलेल्या हुबेहूब प्रतिकृतीला याच्या कितीतरी पट पैसे पडतात. ही मात्र नवी घेतली तरी हजार पौंडांच्या आत बसते. तरीही ही रक्कम लहान नव्हे. शिकायला पुरेल अशी साधी गिटार दोनशे-अडीचशे पौंडांत मिळते. मग वरचे पैसे कशाचे?

केवळ नावाचे असतील तर आई बरोबर. म्हणून आत काय आहे ते पाहू.

पहिली गोष्ट लांबीची. हिच्या तारेची वाजणारी लांबी २४ इंच आहे. स्ट्रॅटोकास्टरची साडेपंचवीस इंच. दीड इंचाने काय होते, असे वाटेल. पण तारा त्याच जाडीच्या आणि सूर तोच ठेवला तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २४ भागिले २५.५, त्याचा वर्ग साधारण ०.८९. म्हणजे ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी. लहान हाताला आणि नव्या बोटांना हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरी गोष्ट जोडणीची. स्ट्रॅटोकास्टरमध्ये पिकअप समांतर जोडलेले असतात. रेड स्पेशलमध्ये ते एकापुढे एक, शाळेतल्या प्रयोगात बॅटरीचे सेल लावतो तसे, आणि बीएमजी स्पेशलमध्येही तसेच ठेवले आहेत. त्यामुळे दोन पिकअप चालू केले की त्यांची बेरीज होते आणि आवाज भरदार होतो. ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप एकत्र, हा मे यांचा नेहमीचा आवाज.

तिसरी गोष्ट मुलांच्या सर्वांत आवडीची, म्हणजे सहा कळा. तीन पिकअपना प्रत्येकी दोन सरकत्या कळा. एक चालू-बंद करायची, दुसरी फेज उलटी करायची. फेज सारखी असली की दोन पिकअपच्या लहरी एकमेकींत भर घालतात. उलटी केली की एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात आणि आवाज बारीक, किंचित नाकातला येतो.

मुलांनो, आता वही घ्या. सहा कळा, प्रत्येकीच्या दोन जागा, म्हणजे एकूण ६४ मांडण्या. पण आवाज ६४ नाहीत! एकच पिकअप चालू असेल तर त्याची फेज उलटी केल्याने कानाला काही फरक पडत नाही, म्हणून तिथे आवाज ३. दोन चालू असतील तर जोड्या ३, आणि प्रत्येक जोडीत फेज एक तर सारखी किंवा उलटी, म्हणून ६. तिन्ही चालू असतील तर ४. एकूण १३. आणि ६४ पैकी ८ मांडण्यांमध्ये तिन्ही पिकअप बंद असतात, म्हणजे गिटार मुकी. साध्या पाच जागांच्या कळीच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये आवाज ५ आणि लेस पॉलच्या तीन जागांच्या कळीत ३. हा हिशेब आमच्या मुलीने जेवणाच्या टेबलावर करून दाखवला. गणिताच्या पुस्तकातले उदाहरण तिने इतक्या आनंदाने सोडवलेले आम्ही पाहिलेले नाही.

यांशिवाय दोन सप्तकांचे पूर्ण २४ फ्रेट, मोकळी तार आणि दाबलेली तार सारखीच वाजावी म्हणून सुरुवातीला बसवलेला शून्यावा फ्रेट, आणि आत पोकळ कप्पे ठेवलेले महोगनीचे शरीर.

मूळ गिटारीतले काय हिच्यात नाही तेही सांगायला हवे. शेकोटीची चौकट नाही, शिंपल्याची बटणे नाहीत हे उघडच आहे. मे बापलेकांचा ट्रेमोलो सुरीच्या धारेसारख्या पोलादी कडेवर डोलतो. हिच्यात विल्किन्सनचा तयार ट्रेमोलो आहे. मूळ नेक फारच जाड आहे, हिची तेवढी नाही. कट्टर लोक यावर नाक मुरडतात. आमच्या मते स्वस्त आवृत्ती करणाऱ्याने काय टाकायचे आणि काय राखायचे हे नीट ओळखलेले आहे. आवाज ज्यांनी घडतो ते राखले, आणि घडवायला वेळखाऊ ते बदलले.

आता तिन्ही घरांतल्या मालकांची मते, कारण जाहिरातीपेक्षा ती महत्त्वाची.

आमची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला क्वीनचे वेड नाही. तिला ही गिटार आवडते ती हाताला बसते म्हणून. आधीच्या उसन्या गिटारीवर तार ओढताना तिचे बोट दुखून यायचे, हिच्यावर जमते. तिची तक्रार कळांबद्दल आहे. त्या बारीक आणि जवळजवळ आहेत. गाणे चालू असताना पटकन आवाज बदलणे कठीण, आधी ठरवून ठेवावे लागते.

दुसऱ्या घरातले मालक हे स्वतः बाबा आहेत. पुण्यात कॉलेजात असताना बँडमध्ये वाजवायचे, पुढे वीस वर्षे गिटारीला हात लावला नाही. ते हिच्यावर जुनी हिंदी गाणी वाजवतात. त्यांचे म्हणणे, "नाव ब्रायन मेचं असलं म्हणून वाजवायचं काय ते मी ठरवणार." नेकजवळचा पिकअप एकटा लावून मऊ, गोल आवाज ते काढतात, आणि फेज उलटी करून अंतऱ्याआधीचे तुकडे. मात्र एकेरी गुंडाळीच्या कोणत्याही पिकअपमध्ये विजेच्या दिव्यांची, संगणकाच्या पडद्याची गुणगुण शिरते तशी हिच्यातही शिरते, हे त्यांनी बजावून सांगितले आहे. टेबलाशी बसून वाजवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या घरातली मालकीण आता विद्यापीठात शिकते. तिने प्रांजळपणे सांगितले की तिने गिटार नावासाठीच घेतली. घरी आणली, छोट्या अँप्लिफायरला जोडली, आणि पहिल्याच दिवशी हिरमुसली. ध्वनिमुद्रिकेतला आवाज येईना! तो येणारही नव्हता, कारण तो एकट्या गिटारीचा आवाज नाहीच. मे यांच्या आवाजाच्या साखळीत गिटारीनंतर ट्रेबल बूस्टर नावाची छोटी पेटी येते, मग मोठ्याने वाजवलेला व्हॉक्स एसी३० अँप्लिफायर. आणि वाजवायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे, जे १९८० सालीच चलनातून गेले. त्या नाण्याची दातेरी कड तारेवर घासते तोही त्या आवाजाचा भाग. हे सगळे कळल्यावर तिची निराशा गेली आणि कुतूहल आले. तिचे वाक्य आम्हाला फार आवडले: "मी नावासाठी घेतली, पण ठेवली ती कळांसाठी."

आम्हाला वाटते आईच्या प्रश्नाचे उत्तर या तिघांनी मिळून दिले आहे. तिघांपैकी एकही आज नावाबद्दल बोलत नाही. लांबी, जोडणी, कळा, गुणगुण, यांबद्दल बोलतात. नाव निघून गेल्यावरही जी वस्तू बोलण्यासारखी उरते तिचे पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. आणि ज्या घरी ते नाव निघून गेल्यावर काही उरणार नसेल, तिथे आईचेच ऐकावे आणि साधी गिटार घ्यावी. तीही उत्तम वाजते.

बाबांचा मुद्दा

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आधी निकाल, मग गिटार.

हे वाक्य आपण सगळेच बोलतो. कधी गिटारीबद्दल, कधी सायकलीबद्दल, कधी मित्रांबरोबरच्या सहलीबद्दल. आपण स्वतः परीक्षांच्या शिडीवरून चढत इथवर आलो. त्या शिडीने आपल्याला घर दिले, व्हिसा दिला, पेन्शन दिली. तेव्हा मुलाची एक पायरी चुकेल या कल्पनेने आपला जीव घाबरा होतो यात नवल नाही. पण गिटार बक्षीस म्हणून टांगली की काय होते? निकाल चांगला आला तर ती पदक होते आणि वाईट आला तर शिक्षा. दोन्ही वेळा ती वाद्य राहत नाही.

इथे पुन्हा हॅरोल्ड मे यांच्याकडे पाहावेसे वाटते. ज्या वडिलांनी दोन वर्षे मुलाबरोबर गिटार घडवली, त्याच वडिलांना मुलाने अभ्यास सोडून बँडमध्ये जाणे अजिबात पटले नव्हते. ब्रायन मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलशास्त्राच्या पीएच.डी.चे काम करत होते. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेली धूळ हा त्यांचा विषय. १९७० च्या दशकात क्वीनचे नाव झाले आणि प्रबंध तसाच राहिला. वडिलांची नाराजी बरीच वर्षे टिकली. पुढे मुलाने आईवडिलांना न्यूयॉर्कला नेऊन मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आपला कार्यक्रम दाखवला, तेव्हा कुठे ती निवळली, असे मे यांनी मुलाखतींत सांगितले आहे. आणि तो अर्धवट प्रबंध? तो त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळाने पुन्हा हाती घेतला आणि २००७ साली पीएच.डी. मिळवली.

हे वाचून कोणी मुलाने परीक्षा सोडू नये! प्रत्येक लाल गिटारीच्या मागे ब्रायन मे उभा नसतो. आणि कोणी पालकाने "बघ, शेवटी पीएच.डी. केलीच ना!" असा सोयीचा अर्थही काढू नये. आम्हाला यातून दिसते ते एवढेच. मुलाच्या पुढच्या वाटेबद्दल त्या बापाला काळजी होती, ती खरी होती, आणि ती त्याने लपवली नाही. पण त्याने गिटार आणि अभ्यास यांचा सौदा केला नाही. मुलाला गिटार हवी होती तेव्हा तो हातात करवत घेऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. पुढे मतभेद झाले तरी ती दोन वर्षे कुणालाच पुसता आली नाहीत, कारण ती लाकडात उतरलेली होती.

आपल्यापैकी किती बाबांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे ते वर्गाच्या यादीवरून नजर फिरवली तरी कळेल. आपल्या हाताला मात्र आता कळफलकाखेरीज काही लागत नाही. निम्मे पैसे द्यायचे की नाही यावर आपण महिनाभर वाद घालतो. निम्मा शनिवार द्यायचा का, हा प्रश्न मनातही येत नाही.

आमचे मत

चौथ्या घराने गिटार घ्यावी असे आमचे मत आहे. निकालाची वाट न पाहता घ्यावी. मात्र पुढील गोष्टी सांभाळून.

मुलाला दुकानात न्यावे आणि हीच नव्हे, शेजारची साधी गिटारही हातात घ्यायला लावावी. अर्धा तास दोन्ही वाजवू द्याव्यात. त्या अर्ध्या तासात त्याचे लक्ष नेकच्या टोकावरच्या नावाकडेच असेल तर रिकाम्या हाताने परत यावे. कळांशी खेळत बसला तर पैसे काढावेत.

गिटारीच्या किमतीत अँप्लिफायर धरावा. घरी वाजवायला छोटा, कानाला हेडफोन लावता येईल असा पुरे. आपल्या घरांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत हे विसरू नये. ब्रायन मे यांचा आवाज पहिल्या दिवशी येणार नाही आणि का येणार नाही, हे मुलाला आधीच सांगावे.

परीक्षेच्या महिन्यांत रोज किती वेळ वाजवायचे हे मुलाने स्वतः ठरवून कागदावर लिहावे. ते पाळले नाही तर त्यावर बोलावे. गिटार मात्र कपाटात कोंडू नये.

बाबांनी आपला वाटा हातांनीही द्यावा. तारा बदलणे, ब्रिजवरच्या खोगिरांचे स्क्रू फिरवून सूर जुळवणे, ही कामे बापलेकांनी मिळून करण्यासारखी आहेत. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर आणि तार दाबून काढलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर खोगीर मागे सरकवायचे, उतरलेला आला तर पुढे. एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन माणसांचे कान, एवढेच साहित्य लागते.

आणि शेवटची अट आम्ही वर्गाच्या वतीने घालतो. गिटार घरी आली की मुलाने ती आजोबांपुढे ठेवावी आणि सहा कळांचे काम त्यांना मराठीत समजावून सांगावे. फेजला मराठीत काय म्हणायचे हे त्याला अडेल. अडू द्यावे. "दोन लाटा एकमेकींना खोडतात" असे काहीतरी तो म्हणेल आणि तेवढ्याने आजोबांना कळेल. मग आजोबांनी त्याला तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा का घालतात ते सांगावे. जव्हारीची ती गंमत ऐकल्यावर त्याच्याही ध्यानात येईल की नाद घडवण्यासाठी झटणारा ब्रायन मे हा पहिला माणूस नव्हे.

वर्गात आणखी कोणाकडे अशी नावाची गिटार असेल, ब्रायन मे यांची किंवा दुसऱ्या कोणाची, तर त्यांनी आपले मत पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्यावे. विरुद्ध मत असेल तर अधिकच आनंदाने छापू. लेख हाताने लिहिलेला चालेल, मात्र एका पानात बसवावा. झेरॉक्सचा खर्च आपण सगळे मिळून भरतो!